बाबांना कोण सांगणार

शनिवारी दुपारी बाबा घरी आले तेव्हा गाडीचा डावा आरसा वायरीला लोंबत होता आणि बाबा मात्र भलतेच खुशीत होते. हॉलमध्ये लियांगसरांशी कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ज्या शनिवारी भांडण होई तो बाबांचा सणाचा दिवस असे. शंतनूने आरशाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, हॉलमधून बाहेर पडून डावीकडे वळताना कुणाचा तरी कचऱ्याचा डबा आडवा आला असावा. धप्प वाजलं. गाडी हळू करून मागे पाहिलं तर काही दिसलं नाही, पाऊसही होता. एवढं सांगून ते वरणभात जेवले आणि आडवे झाले.

बाबा म्हणजे राजाराम पाटणकर, मिरजेच्या कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. अभ्यासक्रमात चीनवर एक प्रकरण होतं, ते शिकवायला कोणी तयार नसे, म्हणून ते नव्या मास्तरांच्या गळ्यात मारलं गेलं आणि नवे मास्तर कन्फ्यूशियसच्या प्रेमात पडले ते कायमचे. मिरजेत या प्रेमाला कोणी विचारलं नाही. आई गेल्यावर शंतनूने त्यांना ऑकलंडला आणलं, तर इथे अल्बनीत कन्फ्यूशियसचं नाव काढलं की दोन शब्द बोलणारी माणसं शेजारीपाजारीच निघाली. त्यांतलेच एक लियांगसर, चीनमधल्या चांगशा शहरातल्या शाळेचे निवृत्त शिक्षक. दोघांनी मिळून कम्युनिटी हॉलमध्ये शनिवारचा वर्ग सुरू केला. एक चिनी आणि एक मराठी म्हातारा इंग्रजीतून भांडायचे आणि बाकीचे म्हातारे चहा पीत ऐकायचे.

शंतनू आरसा बघायला गॅरेजमध्ये गेला. ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्स इंजिनिअर होता, मोडलेली वस्तू हातात घेऊन ती कशी मोडली हे सांगणं हाच त्याचा धंदा. आरशाचं चंदेरी कव्हर अर्धं उडालं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याच्या फटीत लोकरीचा एक किरमिजी धागा अडकला होता. कचऱ्याचे डबे स्वेटर घालत नाहीत. शंतनू धागा बोटात धरून तिथेच उभा राहिला.

संध्याकाळी परिसराच्या फेसबुक पानावर कोणीतरी लिहिलं होतं, की हॉलबाहेर एका वयस्क बाईला गाडीने उडवलं, गाडी थांबली नाही, कोणाच्या डॅशकॅममध्ये काही आलं असेल तर पोलिसांना कळवा. रविवारी सकाळी लियांगसरांचा फोन आला. वर्गातून त्यांना घरी न्यायला आलेली त्यांची बायकोच रस्त्यावर पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन ठेवून बाबा खुर्चीत बसले. ज्या माणसाच्या तोंडून कधी अपशब्द ऐकला नव्हता तो माणूस म्हणाला, "कोण असेल हा हलकट?"

शंतनूने स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं आणि बायकोला, सुखदाला, सगळं सांगितलं. सुखदा फार्मसिस्ट होती, मॉलजवळच्या फार्मसीत काम करायची. ऐकल्या ऐकल्या तिने कपाळाला हात लावला. बाबांच्या काचबिंदूची औषधं तीच आणायची, आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली महिन्यात संपायच्या ऐवजी दोन महिने पुरते हे तिच्या लक्षात आलं होतं. काचबिंदू बाजूची नजर गुपचूप खातो, समोरचं सगळं लख्ख दिसत राहतं आणि माणसाला पत्ताच लागत नाही. तिने बाबांना एकदा टोकलं होतं. सुनेने सासऱ्याला किती वेळा टोकायचं, असं वाटून मग ती गप्प बसली होती.

दोघांनी मिळून जो विचार केला तो घाबरलेली शहाणी माणसं करतात तसाच होता. लियांगकाकूंचे उपचार होतायत. एसीसी, म्हणजे इथला सरकारी अपघात विमा, सगळं बघतं, चूक कोणाची हे विचारतसुद्धा नाही. काकू बऱ्या होतील. आणि बाबांना कळलं तर? कोर्ट आणि पोलीस राहिले बाजूला. आपण लियांगसरांच्या बायकोला पाडून निघून आलो, हे कळल्यावर बाबा उभे राहतील का? या देशात त्यांचा एकच मित्र होता.

शिवाय शंतनूला बाबांचाच आधार सापडला. लहानपणी जेवताना ऐकलेली ती मेंढीची गोष्ट. एक सरदार कन्फ्यूशियससमोर बढाई मारतो, की आमच्या मुलखात एक माणूस इतका सरळ आहे की बापाने मेंढी चोरली तर त्याने स्वतः साक्ष दिली. त्यावर कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे सरळपणा वेगळा असतो, आमच्याकडे घरची माणसं एकमेकांना झाकतात. शंतनूला ती गोष्ट फार आवडायची, कारण सरकारी नियमांपेक्षा बाप मोठा आहे असं जगातला कोणीतरी शहाणा म्हणाला होता. बाबांनी शिकवलं तेच आपण करतोय, असं त्याने स्वतःला बजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ आपण बाबांपासूनसुद्धा झाकतोय, एवढं एक त्याच्या ध्यानात आलं नाही.

सोमवारी तो बाबांची गाडी घेऊन कामावर गेला. कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचे भाग विकणारं एक यार्ड होतं. तिथून त्याच रंगाचा आरसा उचलला, जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या हाताने बसवला, आणि जुना कारखान्याच्या भंगाराच्या पिंपात टाकून वर पुठ्ठे दाबले. तो धागा त्याने वॉशबेसिनमध्ये सोडून नळ सोडला. हे सगळं करताना कोणी हाक मारली तर काय सांगायचं याची वाक्यं तो मनात जुळवत होता, आणि कोणीच हाक मारली नाही याचा त्याला आनंद झाला नाही.

घरी येऊन त्याने बाबांना सांगितलं, की आरसा बसवलाय, पण येताना बॅटरी गेलीय, नवी यायला वेळ लागेल, तोवर गाडी चालवायची नाही. बाबा बरं म्हणाले. त्याने किल्ली आपल्या खिशात टाकलेली त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीने, इराने पाहिली. गाडी सकाळी चालत होती हे तिला माहीत होतं. आजोबा आत गेल्यावर ती म्हणाली, "ही इज नॉट अ बेबी, डॅड." शंतनूने तिला अभ्यासाला बस म्हणून सांगितलं.

बुधवारी बाबांनी हॉस्पिटलमध्ये न्यायला सांगितलं. शंतनूने काम आहे म्हणून पाहिलं, काकूंना विश्रांती हवी असेल म्हणून पाहिलं. बाबा म्हणाले, मग मी बसने जातो. शेवटी शंतनूने सुट्टी टाकली आणि स्वतःची गाडी काढली. वाटेत बाबांनी संत्री घ्यायला लावली आणि दोनदा मोजली, कारण आजाऱ्याकडे चिनी माणूस विषम संख्येने फळं नेत नाही म्हणे. आपल्या मित्राच्या रीतीत कुठे चूक होऊ नये म्हणून चाललेली त्यांची धडपड पाहून शंतनूला गाडी वळवून परत न्यावीशी वाटली.

लियांगकाकू उशांमध्ये एवढ्याशा दिसत होत्या. बाबांनी दोन्ही हातांनी पिशवी पुढे केली, वाकले, मग खुर्ची ओढून उशाशी बसले. शंतनू दाराशीच थांबला. काकूंना इंग्रजी बेताचंच येई. त्या हाताने दाखवत होत्या की गाडी मागून आली, काही दिसलं नाही, एकदम जमीन आली. त्या आपल्या पडण्याचं सांगताना स्वतःच ओशाळून हसत होत्या. बाबांनी एक संत्रं सोललं, शिरा काढून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवली, आणि ठेवता ठेवता त्या ड्रायव्हरबद्दल बोलायला लागले. ज्याला थांबावंसं वाटलं नाही, त्याला घरात कोणी काही शिकवलंच नसणार, असं म्हणाले. माणसाच्या पोराला विहिरीकडे रांगताना पाहिलं तर चोरसुद्धा धावतो, हा त्याहून खालचा, असं म्हणाले. शंतनूच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. आत्ता या खोलीत खरं काय ते फक्त त्याला माहीत होतं.

लियांगसर खिडकीशी उभे होते. ते हळूच म्हणाले, कदाचित घाबरला असेल. मग म्हणाले, पोलिसांना रस्त्यावर आरशाच्या कव्हरचा तुकडा सापडलाय, चंदेरी, डाव्या बाजूचा. आता गाडी सापडेल.

बाबांच्या हातातली फोड तशीच राहिली. शंतनूला ते पाठमोरे दिसत होते, त्यामुळे चेहऱ्यावर काय झालं ते कळलं नाही. त्यांनी उरलेलं संत्रं नीट कागदावर ठेवलं, काकूंच्या पायावरची चादर सारखी केली आणि निघतो म्हणाले. गाडीत शंतनूने हवेवर, ट्रॅफिकवर, इराच्या शाळेवर बोलून पाहिलं. अल्बनीचा फाटा आला तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, की जुना आरसा कुठाय. टाकून दिला, शंतनू म्हणाला.

घरी पोचल्यावर ते घरात गेले नाहीत. गॅरेजमध्ये आपल्या गाडीशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. शंतनूने किल्ली दिली. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. नव्या बॅटरीची वाट बघणारी गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. त्यांनी ती बंद केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, काच खाली घेतली.

"मी सरळ समोर बघतोय. तू डाव्या बाजूने, मागच्या चाकापासून चालत पुढे ये. दिसलास की सांगतो."

"बाबा, कशाला आता..."

"ये म्हटलं ना."

शंतनू चालायला लागला. मागचं दार गेलं. पुढचं दार गेलं. नव्या आरशाशी पोचला तेव्हा त्याला बाबांचा चेहरा काचेतून पूर्ण दिसत होता, हनुवटीवर दाढीचे राहून गेलेले खुंट दिसत होते. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत वाट पाहत होते.

"ये ना," ते म्हणाले. "थांबलास का?"

शंतनू बॉनेटच्या कडेने आणखी पुढे गेला, दिव्यापर्यंत गेला, दिवाही ओलांडला. तेव्हा कुठे बाबांचे डोळे हलले.

"आता दिसलास," ते म्हणाले, आणि शंतनू कुठे उभा आहे ते त्यांना उमगलं. मागचं चाक ते पुढचा दिवा, एवढी जागा त्यांच्या जगातून केव्हाच नाहीशी झाली होती. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात उचलून मांडीवर घेतले.

"डबा होता का रे?"

"नाही."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"शनिवारपासून."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गाडीतूनच म्हणाले, "मी तिच्या उशाशी बसून संत्रं सोललं, शंतनू. त्या माणसाला नाही नाही ते बोललो. आणि तू दारात उभा होतास."

शंतनूने बोलायचा प्रयत्न केला. तुमच्यासाठीच केलं, म्हणाला. तुम्हाला सहन झालं नसतं, म्हणाला. आणि शेवटी ती मेंढीची गोष्टही त्याने काढली, तुम्हीच सांगितली होतीत, मुलाने बापाला झाकायचं. स्वतःच्या कानांना ती तेव्हाच चोरीची वाटली.

"सांगितली होती," बाबा म्हणाले. "जगापासून झाकलंस, ते मला कळतं. मुलगा आहेस. पण माझ्यापासून? गोष्टीतल्या त्या पोराने घरात बापाला काही म्हटलंच नसेल, असं वाटतं तुला? बाप चुकला तर आधी त्याला सांगायचं. आवाज चढवायचा नाही, मान राखायचा, पण तोंडावर सांगायचं. नाही ऐकलं तर पुन्हा सांगायचं. तेच मुलाचं काम आहे, बाकीचं सगळं गडीमाणूससुद्धा करतो. तू तेवढंच केलं नाहीस. तू मला पाळण्यात घातलंस आणि वरून दुपटं टाकलंस." त्यांना धाप लागली. "बापाने बाप असावं आणि मुलाने मुलगा, एवढंच तर तो म्हातारा जन्मभर गावोगाव सांगत फिरला. गेले चार दिवस या घरात बाप तू होतास. मला विचारलंस तरी का, मला चालेल का म्हणून?"

सुखदा दारात येऊन उभी राहिली होती. तिला सांगावं लागलं नाही. बाबा गाडीतून उतरले, दुसऱ्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले आणि पोलीस स्टेशनला चल म्हणाले. आधी वकिलाशी बोलू, उद्या जाऊ, असं शंतनू म्हणाला. बाबांनी पट्टा लावून घेतला. वाटेत त्यांनी लियांगसरांना फोन लावला. शंतनूला फक्त बाबांचीच बाजू ऐकू येत होती. ती गाडी माझी होती, असं ते इंग्रजीत म्हणाले, मला कळलं नाही पण कळायला हवं होतं, असं म्हणाले. फोन खाली घेतला तेव्हा शंतनूने विचारलं, काय म्हणाले. "ऐकून घेतलं," बाबा म्हणाले. "मग ठेवला." त्यानंतर स्टेशन येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि शंतनूला त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

काउंटरवरच्या पोलीस बाईने किया ओरा म्हणून माओरीत नमस्कार करून त्यांना एका छोट्या खोलीत नेलं. तरुण होती, चेहरा दमलेला, आवाज मऊ. बाबा ताठ बसून बोलत होते, वर्गात शिकवताना बोलायचे तसे, एकेक वाक्य पुरं करून. हॉल, पाऊस, डावं वळण, धप्प आवाज. डोळ्यांची चाचणी गॅरेजमध्ये केली तेही सांगितलं. ती लिहून घेत होती. मग तिने विचारलं, की आरसा कोणी बदलला.

"मी," बाबा म्हणाले.

तिने वर पाहिलं. कुठे बदलला, केव्हा, आणि घरात आणखी कोणाला हे माहीत होतं का?

"कोणालाही नाही. माझ्या मुलाला मी आज, इथे येण्यापूर्वी सांगितलं."

शंतनूने आयुष्यात बाबांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, ऐकल्यावर त्याला आधी बरं वाटलं. पुरावा नष्ट केला म्हणून त्याच्यावर केस होणार नव्हती, नोकरीवर आच येणार नव्हती, इराला शाळेत कोणी काही म्हणणार नव्हतं. गप्प बसणं एवढंच करायचं होतं, आणि चार दिवसांत त्याचा त्यात चांगला हात बसला होता. पोलीस बाईचं पेन कागदावर चालत होतं. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. शहात्तराव्या वर्षी स्वतःच्या गुन्ह्यावर मुलाचाही गुन्हा चढवून घेऊन ते ताठ बसले होते.

शंतनूने आवाज चढवला नाही.

"बाबा, तुम्ही चुकताय."

मराठीत बोलला, म्हणून पोलीस बाईने मान वर करून दोघांकडे पाहिलं. बाबांनी मान वळवली नाही. दात आवळून म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस. मी बोलतोय."

"तुम्ही चुकताय, बाबा," शंतनू पुन्हा म्हणाला, पहिल्यापेक्षा हळू. चव्वेचाळीस वर्षांत हे वाक्य त्याने त्यांच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. त्याला रडायला येत होतं आणि त्याने ते येऊ दिलं. "आरसा मी बदललाय."

बाबा पूर्ण वळून, मुलगा नजरेत नीट येईल असे बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी पोलीस बाईला इंग्रजीत म्हणाले, "मघाशी मी सांगितलं ते खोडा. हा म्हणतो ते खरं आहे, ते लिहा."

तिने पान उलटलं आणि शंतनूला नाव विचारलं.